निम्मा संसार आणि अडीच टन

चार टन, साडेतीन टन, तीन टन. एकाच घराच्या एसीसाठी तीन काँट्रॅक्टरांनी दिलेले हे आकडे. एकाने बेसमेंटसकट सगळं क्षेत्रफळ धरून भागाकार केला होता, दुसरा ड्राइव्हवेवर उभ्या उभ्याच बोलून गेला होता आणि तिसऱ्याने घर तापवणाऱ्या फर्नेसवरचं लेबल वाचून उत्तर दिलं होतं. मित्राने तिन्ही कोटेशनं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "तू याच धंद्यातला ना बे? सांग, कुठलं घेऊ?"

मी वातानुकूलनाचं डिझाइन करतो, पण ते हॉस्पिटलांचं आणि ऑफिसांचं. ओळखीच्यांच्या घरगुती कामात सहसा पडत नाही, कारण एसी बिनसला की मैत्रीही बिनसते. इथे मात्र मोह झाला. जुनं घर, हीटिंग उत्तम, एसी अजिबात नाही, अशी घरं न्यू जर्सीत आपल्या बऱ्याच लोकांच्या वाट्याला येतात. म्हणून हे प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवतो. घर एका मित्राचं, त्यामुळे नावगाव देत नाही.

घर आणि त्यातली फर्नेस

मिडलसेक्स काउंटीतलं, १९५० च्या दशकातलं 'केप कॉड' पद्धतीचं घर. खाली एक पूर्ण मजला, हजार चौरस फुटांचा. वर उतरत्या छपराच्या पोटात बसवलेल्या दोन खोल्या आणि एक बाथरूम, मिळून साडेपाचशे. शिवाय बेसमेंट. २०२२ च्या शेवटी घर घेतलं तेव्हा थंडी तोंडावर होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष हीटिंगकडे. फर्नेस २०११ ची, गॅसवरची, ताशी ८०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) गॅस जाळून ६४,००० बीटीयू उष्णता घरात सोडणारी. उरलेली चिमणीतून बाहेर. दोन हिवाळे तिने कुरकुर न करता काढले होते.

ज्यांनी फर्नेस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे एक पत्र्याचं उभं कपाट असतं. तळाशी ब्लोअर, त्याच्या वर गॅसच्या ज्योतींनी आतून तापणारी पत्र्याची पोकळ पेटी, म्हणजे हीट एक्स्चेंजर. ब्लोअर घरातली हवा रिटर्न डक्टमधून, म्हणजे परतीच्या हवेच्या पत्र्याच्या वाटेतून, ओढतो, तापलेल्या पेटीवरून वर ढकलतो आणि सप्लाय डक्टांमधून खोल्यांत पाठवतो. जमिनीतल्या जाळ्यांतून ऊब वर येते. म्हणजे सेंट्रल एसीला लागणारा निम्मा संसार इथे आधीच मांडलेला असतो. राहिलं काय, तर फर्नेसच्या डोक्यावर थंड कॉइल बसवायची, बाहेर काँप्रेसरचं युनिट ठेवायचं आणि दोघांना तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडायचं.

कॉइल डोक्यावरच का, असं मित्राने विचारलं होतं. ती एक्स्चेंजरच्या आधी बसवली, तर उन्हाळाभर थंड, ओली हवा त्या पत्र्यावरून जाईल, त्यावर दव धरेल आणि पत्रा गंजेल. गंजून भोक पडलं की हिवाळ्यात जळलेल्या गॅसचा धूर घरातल्या हवेत मिसळू शकतो. म्हणून हवेच्या वाटेवर आधी गरम पेटी, मग थंड कॉइल, हा क्रम बदलायचा नाही.

निम्मा संसार आहे हे खरं, पण तो उबेच्या हिशेबाने मांडलेला असतो. गरम हवा आपोआप वर चढते, म्हणून वरच्या मजल्याला बारीक डक्ट पुरतात. थंड हवा जड, ती खालीच लोळते. हिवाळ्यात वरच्या खोल्या सगळ्यांत लाडक्या असतात आणि उन्हाळ्यात त्याच भाजतात. २०२३ चा उन्हाळा या कुटुंबाने खिडकीतल्या दोन एसींवर काढला, तरी रात्री अकरालाही वर ८४-८५ अंश फॅरेनहाइट असायचं.

२०२४ च्या एप्रिलअखेर काकू, म्हणजे मित्राची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी येणार होत्या. काम उरकायची घाई त्यामुळेच होती. गंमत म्हणजे सगळ्यांत जोरदार विरोध त्यांचाच. फोनवर म्हणाल्या, "काहून एवढा खर्च करता रे? एक कूलर घेऊन टाका."

काकूंचं म्हणणं नागपुरात शंभर टक्के बरोबर आहे. तिथली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते, की वाळ्याच्या ताटीवरचं पाणी तिच्यात भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. न्यू जर्सीचा जुलै मात्र मुंबईचा चुलतभाऊ. पारा नव्वदीत, पण हवा आधीच ओलीने तुडुंब. तिच्यात कूलर लावला तर गारवा नावापुरता आणि खोलीला कुबट वास. "काकू, इथे हवा गार तर करायचीच आहे, पण वाळवायचीही आहे," मी म्हणालो. त्यांना पटवायला म्हणून बोललेलं वाक्य, पण पुढे या घरातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावरच फिरला.

वाळवण्यावरून आठवलं. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये आधुनिक एसीची जी पहिली योजना आखली, ती माणसांसाठी नव्हतीच. इथून तासाभरावरच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. त्यासाठी हवेतली ओल आटोक्यात आणायची होती. गारव्याचा आनंद मागून आला.

टनांचा भागाकार

एसीतला टन वजनाचा नाही, बर्फाचा. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो एक टन, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. काँट्रॅक्टर मंडळी घराचं क्षेत्रफळ घेतात, पाचशेने किंवा सहाशेने भागतात आणि येईल तो आकडा वरच्या बाजूला ओढतात. पहिल्याने बेसमेंट धरून अडीच हजार चौरस फूट मोजले आणि चार टन काढले. जमिनीत गाडलेलं बेसमेंट उन्हाळ्यात मुळातच गार असतं, त्याला थंड करायला काय लागतं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे? मित्राचाही हाच प्रश्न. "उद्या पाहुणे आले तर थोडा जास्तच असलेला बरा ना?" स्वयंपाकात चार पोळ्या जास्त लाटण्यासारखं हे वाटतं, पण एसीचं तसं नाही. कॉइलवर ओल धरायला आणि ते पाणी ठिबकून खाली जायला काही मिनिटं लागतात. गरजेपेक्षा मोठं युनिट पाच-सात मिनिटांत थर्मोस्टॅटचा आकडा गाठतं आणि थांबतं. हवा गार झाली, वाळली नाही. घरात थंडगार चिकचिक. लोक मग थर्मोस्टॅट आणखी खाली करतात, भिंती गार पडतात आणि कपाटामागे बुरशी धरते.

दोन शनिवार मी त्या घरात टेप घेऊन फिरलो. अमेरिकेत घराचा भार मोजायची 'मॅन्युअल जे' नावाची रीत आहे, एअर कंडिशनिंग काँट्रॅक्टरांच्या संघटनेनेच ठरवलेली. प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी, तिची दिशा, काच, छपरातलं इन्सुलेशन, घराच्या फटींतून येणारी हवा, माणसं, चूल. बाहेर ९१ अंश, आत ७५ असं धरून ताशी किती उष्णता घरात शिरते ते काढायचं. उत्तर आलं ३१,००० बीटीयू. अडीच टनांहून थोडं जास्त.

त्यातही डोळे उघडणारी गोष्ट वेगळीच होती. वरच्या साडेपाचशे चौरस फुटांचा भार १३,०००. म्हणजे घराच्या एक तृतीयांश भागात चाळीस टक्क्यांहून जास्त उष्णता. केप कॉडमध्ये वरच्या खोल्यांच्या बाजूला छातीएवढ्या उंचीच्या भिंती असतात आणि त्यांच्या मागे छपराखालची तिकोनी, रिकामी जागा. तिथलं दार उघडून आत डोकं घातलं, तर मार्चमधल्या उन्हातही भट्टीत वाकल्यासारखं वाटलं. भिंतीमागचं जुनं इन्सुलेशन अर्धं गळून पडलेलं. खालच्या मजल्याची हवा तुळयांमधल्या मोकळ्या पोकळ्यांतून थेट त्या जागेत जात होती.

म्हणून एसीच्या आधी इन्सुलेशन. पोकळ्यांची तोंडं बंद केली, फटी फोमने भरल्या, भिंतींमागे आणि वरच्या छतावर नवे थर दिले. खर्च ३,२०० डॉलर. फेरमोजणीत वरचा भार ८,००० वर आला आणि घराचा २६,००० वर. अडीच टनांचं युनिट आता नेमकं बसत होतं. यंत्राऐवजी गवतासारख्या दिसणाऱ्या कापसावर तीन हजार डॉलर घालताना मित्राचा चेहरा पाहण्यासारखा होता, हे नोंदवून ठेवतो.

खरी अडचण रिटर्नमध्ये

या कामात मला सगळ्यांत रस वाटला तो इथे. तिन्ही कोटेशनांमध्ये एक शब्दही नव्हता तोही इथलाच.

एक टन गारव्याला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा कॉइलवरून जावी लागते. अडीच टनांना हजार. ती डक्टमधून ढकलायला ब्लोअरला किती दम लागतो, ते पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत मोजतात आणि बहुतेक घरगुती फर्नेसच्या लेबलवर मर्यादा लिहिलेली असते: अर्धा इंच. मी फर्नेसच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या नखाएवढी भोकं पाडून मीटर लावला. कॉइल नसताना, नुसत्या हीटिंगवर, एकूण ०.४५. म्हणजे काठोकाठ. त्यातले ०.२८ एकट्या रिटर्नच्या बाजूला.

कारण उघड होतं. अख्ख्या घराला रिटर्नची एकच जाळी, खालच्या पॅसेजमध्ये. तिच्यापासून फर्नेसपर्यंतची वाट म्हणजे दोन तुळयांच्या मधे पत्रा ठोकून केलेला बोगदा. वरच्या मजल्यावर रिटर्न नाहीच. वर पाठवलेली हवा दाराखालच्या फटीतून, जिन्यावरून, जमेल तशी खाली यायची. शिवाय एक इंचाचा दाट फिल्टर, तो तर नाकावर रुमाल बांधून धावण्यासारखा.

हीटिंगला हे चालून गेलं होतं. हवा कमी वाहिली तर ती जास्त तापते, एवढंच. तेव्हा एक्स्चेंजर ओलांडताना हवेचं तापमान ६२ अंशांनी चढत होतं, लेबलवर मुभा ४० ते ७० ची. त्यावरून हिशेब केला तर मिनिटाला साधारण ९५५ घनफूट. आता याच वाटेत कॉइल बसवा. हवा ९५५ वरून हजारावर न्यायची तर डक्टचाच दाब ०.४९ होतो. ओल्या कॉइलचा अडथळा ०.२ चा. बेरीज ०.६९ वर जाते. जुन्या पद्धतीची मोटर एवढ्या दाबाला हवा कमी करते. हजारापर्यंत ती पोचलीच नसती. थंड कॉइलला पुरेशी हवा मिळाली नाही, की तिच्यावरची ओल गोठते, बर्फाने हवा आणखी अडते, आणि भर उन्हाळ्यात फर्नेसच्या डोक्यावर बर्फाची लादी तयार होते. मग फोन जातो, तंत्रज्ञ येतो आणि 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरून जातो.

चार टनांचं काय झालं असतं? त्याला १,६०० घनफूट लागले असते. दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो (हवा दुप्पट, तर दाब चौपट), त्यामुळे याच डक्टमध्ये सव्वा इंचाच्या वर. डक्ट म्हणजे काही गोधडी नव्हे, ताणली की मोठी होणारी. त्या कोटेशनात नवी फर्नेस होती, १७,५०० डॉलरला, पण नवी फर्नेस जुन्याच बोगद्यातून श्वास घेणार होती.

त्याच कोटेशनात आणखी एक गोम होती. नवी ९६ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस धूर प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर सोडते, तिला चिमणी लागत नाही. पण या घरात पाणी तापवायची गॅसची टाकी त्याच विटांच्या चिमणीला जोडलेली. फर्नेस निघून गेली, की एवढ्या मोठ्या चिमणीत टाकीचा एकटीचा क्षीण धूर उरतो. तो वर जाता जाता गार पडतो, विटांवर आम्लाचं पाणी धरतं आणि वेळप्रसंगी धूर मागे फिरून बेसमेंटमध्ये येतो. धंद्यात अशा टाकीला 'अनाथ' म्हणतात. उपाय सोपा आहे, चिमणीत धातूची बारीक नळी सोडायची. कोटेशनात तिचा उल्लेख नव्हता. फर्नेस धडधाकट होती. ठेवली.

ठरलं ते असं: वरच्या पॅसेजच्या छतालगत रिटर्नची नवी जाळी, तिथून कपाटाच्या कोपऱ्यातून सरळ बेसमेंटपर्यंत नवा डक्ट. वरच्या प्रत्येक खोलीला सहा इंचांची आणखी एकेक सप्लाय नळी, आणि भिंतीमागच्या तापलेल्या जागेतल्या सगळ्या नळ्यांवर आर-८ दर्जाचं इन्सुलेशन ('आर'चा आकडा जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते). एक इंची फिल्टरऐवजी चार इंच जाडीचा, पेटीत बसणारा. सांधे मॅस्टिकच्या लेपाने बंद करायचे. डक्ट टेप या नावावर जाऊ नये, डक्टवर ती फार टिकत नाही.

चौथा काँट्रॅक्टर शोधावा लागला. तिसऱ्याला रिटर्नचं विचारलं तर म्हणाला, तीस वर्षं करतोय, कोणी तक्रार केली नाही.

मधली खोळंबाखोळंबी

मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी थांबलं. जुन्या डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कापडासारखी पट्टी चिकटवलेली होती. त्या काळातल्या घरांत अशा पट्टीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज, असू शकतं. हात न लावता ठेवली तर ती बिचारी गुमान बसते. फाडली, कापली, की तंतू हवेत. नमुना प्रयोगशाळेत गेला, उत्तर 'आहे' असं आलं. जिथे डक्ट कापायचा होता तेवढेच दोन सांधे परवानाधारक माणसांकडून काढून घेतले. नऊशे डॉलर आणि आठ दिवस. बाकीची पट्टी अजून तिथेच आहे, वर लेप देऊन.

वीज वेगळीच डोकेदुखी. शंभर अँपिअरचा पॅनेल, त्यात ब्रेकरला एकही जागा रिकामी नाही. बाहेरच्या युनिटला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन, २५ अँपिअरचा दुहेरी ब्रेकर आणि युनिटजवळ दिसेल असा वीज तोडायचा स्विच लागतो. इलेक्ट्रिशियनने लोडचा हिशेब केला, छोटा उपपॅनेल बसवला, अकराशे घेतले. थर्मोस्टॅटला फक्त दोन तारा आल्या होत्या, कारण हीटिंगला तेवढ्याच पुरतात. एसी जोडला की चार-पाच लागतात. भिंतीतून नवी केबल ओढायला दोन माणसांचा अर्धा दिवस गेला.

टाउनशिपचं परमिट काढलं. एका काँट्रॅक्टरने परमिटशिवाय पाचशे कमी करायची तयारी दाखवली होती. ती सवलत घर विकताना व्याजासकट परत द्यावी लागते.

आणि पाणी. या घरातल्या हवेतून तासाला साधारण दोन लिटर पाणी निघणार होतं. बेसमेंटमध्ये जमिनीला मोरी नाही, म्हणून छोटा पंप, तो पाणी कपडे धुण्याच्या सिंकमध्ये टाकतो. पंप बंद पडला तर? कॉइलखालच्या ताटलीत तरंगता स्विच बसवला, पाणी चढलं की एसीच बंद. पंचवीस डॉलरची वस्तू आहे. फर्नेसचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बरोबर त्या ताटलीच्या खाली असतो.

नळ्या जोडून झाल्यावर जोडणाऱ्या मुलाने व्हॅक्यूम पंप वीस मिनिटं चालवला आणि व्हॉल्व्ह उघडायला निघाला. मी मायक्रॉन गेज, म्हणजे नळ्यांत किती हवा उरली ते दाखवणारा मीटर, मागितला. त्याने ट्रकमधून नाराजीने आणला. नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण निघाली, तर आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन तिथे थांबायला हवा. आमचा गेला, आणि पंप बंद करताच हळूहळू चढत राहिला. म्हणजे कुठेतरी गळती. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला तेव्हा कॉइलजवळच्या एका जोडावर बारीक बुडबुडे दिसले. नुसते व्हॉल्व्ह उघडले असते, तर पहिला उन्हाळा निभावला असता आणि दुसऱ्या वर्षी थंडावा गेला असता. मुलगा चांगला होता. जोड पुन्हा केला आणि जाताना मला म्हणाला, आमच्याकडे गेज मागणारे तुम्ही पहिलेच.

शेवटच्या दिवशी पुन्हा मीटर लावला. रिटर्न ०.१३, कॉइल ०.२०, सप्लाय ०.१७. बेरीज बरोबर अर्धा इंच. दोन दशांशांपर्यंत जमेल असं मलाही वाटलं नव्हतं.

हिशेब: यंत्रं आणि मजुरी ८,४००, डक्टचं काम २,३००, वीज १,१००, ॲस्बेस्टॉस ९००, इन्सुलेशन ३,२००. एकूण १५,९०० डॉलर. सगळ्यांत स्वस्त कोटेशन ८,९०० चं होतं. चांगलं काम स्वस्तात पडतं असं हे प्रकरण अजिबात दाखवत नाही.

काकू आणि पंखा

मेअखेरच्या पहिल्या दमट आठवड्यात मित्राचा फोन. "आत ७५ दिसून राहिलं, पण अंग चिकट आहे बे. तुझा छोटा एसी फसला वाटते." घरातली आर्द्रता ६२ टक्के. मी मनातल्या मनात सगळे आकडे पुन्हा तपासले. गेलो, तर थर्मोस्टॅटवर पंख्याचं बटण 'ऑटो'ऐवजी 'ऑन'वर.

कोणी केलं, हे विचारावं लागलं नाही. "वारा नको का? कूलरचा पंखा आम्ही कधी बंद नाही करत," काकू म्हणाल्या. काँप्रेसर थांबला तरी ब्लोअर फिरत होता, आणि कॉइलवर धरलेलं, अजून न ठिबकलेलं पाणी पुन्हा हवेत उडवून खोल्याखोल्यांत वाटत होता. म्हणजे एसीच्या प्रत्येक विश्रांतीत काकूंनी घरात एक कूलर चालू केला होता. मी हे त्यांना याच शब्दांत सांगितलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कूलर चालतेच की तुझ्या अमेरिकेत." बटण 'ऑटो'वर गेलं. दोन दिवसांत आर्द्रता पन्नासवर आली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात उष्णतेची मोठी लाट आली. बाहेर ९५ आणि वर. पुन्हा फोन: "हे बंदच नाही होऊन राहिलं. दुपारी बारापासून चालूच आहे." आत किती? खाली ७५, वर ७७. आर्द्रता? ४९. मग चालू दे. डिझाइनपेक्षा जास्त गरम दिवशी यंत्राने सलग धावावं, हेच त्याचं माप बरोबर असल्याचं लक्षण. त्याला हे पटायला ती लाट ओसरावी लागली. सहा वर्षांपूर्वी चार टन बसवलेल्या शेजाऱ्याकडे त्याच आठवड्यात तो चहाला गेला होता, तिथे ७२ अंशांत सोफ्याचं कापड हाताला ओलसर लागलं म्हणाला.

वरची उत्तरेकडची खोली अजून दोन अंश गरम राहते, कारण तिची नळी लांब आहे आणि तिला एक वळण जास्त आहे. ते मला आधी दिसायला हवं होतं.

एक मोठी चूकही माझीच. बाहेर नुसत्या एसीऐवजी त्याच मापाचा हीट पंप ठेवता आला असता. दिसायला तसाच, आत उलट फिरवणारा एक व्हॉल्व्ह जास्त. सौम्य थंडीत त्याने घर तापवलं असतं आणि कडाक्याच्या थंडीत गॅसची फर्नेस मदतीला होतीच. पात्र हीट पंपाला तेव्हा केंद्र सरकारची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत होती, एसीला फार तर सहाशे, आणि आमचं युनिट तेवढ्यालाही बसत नव्हतं. ती सवलत २०२५ च्या अखेरीस संपली. काकू यायच्या आत काम उरकायच्या नादात मी तो पर्याय एका वाक्यात उडवला. निदान पुढे हीट पंप जोडता यावा म्हणून पाचऐवजी आठ तारांची केबल तरी ओढून घ्यायला हवी होती, अर्धा दिवस तसाही गेलाच होता.

एसीतल्या गॅसचंही वेळापत्रक बदललं आहे. आमच्या युनिटमध्ये आर-४१०ए आहे. २०२५ पासून अमेरिकेत घरगुती एसीच्या नव्या बनावटीत हा गॅस चालत नाही, त्याच्या जागी आर-४५४बी किंवा आर-३२ येतो. पृथ्वी तापवण्याची त्यांची ताकद बरीच कमी, पण दोन्ही किंचित ज्वलनशील. आता कॉइल बदलायची वेळ आली, तर बाहेरचं युनिटही कदाचित सोबत बदलावं लागू शकतं.

राहिल्या वरच्या दोन नव्या नळ्या. उन्हाळ्यात त्या हव्यातच, पण हिवाळ्यात तेवढी गरम हवा वर गेली तर वरच्या खोल्यांत घाम फुटेल आणि खाली पाय गारठतील. म्हणून बेसमेंटमध्ये त्या नळ्यांवर हाताने फिरवायच्या पाकळ्या बसवल्या आहेत, बाहेर फक्त एक छोटी दांडी दिसते. कुठल्या बाजूला उघडी आणि कुठल्या बाजूला बंद, हे मित्राच्या कधीच लक्षात राहत नाही. काकूंनी काळं मार्कर घेऊन दोन्ही नळ्यांवर ठसठशीत अक्षरांत 'उ' आणि 'हि' लिहिलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा भरून झाल्यावर त्या कठडा धरून बेसमेंटमध्ये उतरल्या आणि दोन्ही दांड्या 'हि'वर फिरवून आल्या.